आप्पांची गाडी डोळा मारती

तमाम जनतेस, आणि विशेषतः ज्यांचा या विषयाशी काडीचाही संबंध नाही त्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की वडवणीत पहिला कंप्युटर कुणी आणला, या जुन्या वादाचा निकाल मी आज जाहीर करत आहे. उभे असाल तर बसून घ्या. एका शिकवणीवाल्यांचं म्हणणं, तो त्यांनी आणला. एका पतसंस्थेचं म्हणणं, त्यांचा त्याच्याही आधीचा. त्यांच्याकडे तो होता हे खरं, पण त्यावर फुलाफुलांचं कव्हर होतं आणि ते काढायची परवानगी कुणालाच नव्हती. दोन्ही दावे खारीज! गावातला पहिला कामाचा कंप्युटर आणला माझ्या चुलत्यांनी, ज्यांना टीव्हीचा रिमोट उलटा धरायची सवय होती. तो आला पुण्याहून, एका जुन्या व्हॅनच्या डॅशबोर्डाखाली बसून, पेट्रोल पीत पीत.

माझ्या या चुलत्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पा म्हणतो. आमचं कापडाचं दुकान. दुकान मुख्य रस्त्यावर, पण आप्पांचा जीव आठवडी बाजारात. हयातभर ते गाठोडी बांधून गावोगावचे बाजार करत आले. तेलगावच्या बाजारात त्यांची जागा लिंबाखाली ठरलेली. तिथं ताडपत्री अंथरली, कापड मोजायचा लोखंडी गज हातात घेतला, की आप्पा गादीवर बसल्यासारखे दिसायचे. धनगराच्या म्हातारीला लुगडं दाखवताना ते लुगड्याबद्दल शब्द काढत नसत. आधी शेळी व्याली का, मग सुनेचं कसं चाललंय, मग नातवाचा खोकला, आणि म्हातारी उठायला लागली की हळूच म्हणायचे, "बस की. तुझ्या रंगाचं एक आलंय, दुसऱ्या कुणाला दावलं न्हाई म्या." दुसऱ्या कुणाला दाखवलं नाही असं लुगडं त्या दिवशी निदान दहा बायकांच्या अंगावर जायचं. त्या म्हाताऱ्यांनाही ते ठाऊक होतं. तरी त्या दर वेळी खूश होऊन घ्यायच्या.

पण पुढं आप्पांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. आमची जुनी डिझेल जीप उंच, आणि तिचा क्लच दाबणं म्हणजे जात्याचा वरचा दगड पायानं सरकवणं. एसटीची पायरी त्याहून वर. आप्पांचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो. दादाचा स्वभाव काळजीचा. त्यानं दुकानात काचेची कपाटं आणि रेडीमेडचा माल आणला होता, आणि आता त्याला गल्ल्यावर आप्पा हवे होते.

"आप्पा, लई फिरलात. आता गादीवर बसा, पंख्याखाली. मी हाय, धाकटा हाय. बाजार कशाला करायचा ह्या वयात?"

 आप्पा पुण्याला एका लग्नाला गेले आणि येताना व्हॅन घेऊन आले.

उदारीकरण आमच्याकडे जरा दमानं आलं. आधी शाम्पूच्या पुड्या आल्या, मग रंगीत थंड पेयं, मग गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे डबे. नवं शतक लागलं तसे शहरातले लोक नव्या नव्या गाड्या घ्यायला लागले, आणि त्यांच्या जुन्या गाड्या आमच्याकडं नांदायला यायला लागल्या. ही त्यातलीच एक. रंग पांढरा, दाराला खरचटलेलं, पण पायरी इतकी खाली की आप्पा तिच्यात चढत नसत, नुसते बसत. क्लच लोण्यासारखा. बाजूचं दार सरकवलं की अख्खं दुकान आत मावायचं. मी तेव्हा पंचविशीतला, दुकानात वरकामाला आणि बाजारात आप्पांच्या जोडीला. आम्ही दोघं तिच्यावर पहिल्याच दिवशी भाळलो.

दादानं गाडीला चक्कर मारून अट घातली. "एकदा जरी रस्त्यात बंद पडली ना आप्पा, तर गाडी बी इकायची अन् बाजार बी बंद. कबूल?"

"कबूल," आप्पा म्हणाले. त्यांना ती बंद पडेल असं वाटलंच नव्हतं. विकणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, की हिच्यात कार्बोरेटर नाही, इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते एक कंप्युटर ठरवतो. आणि डॅशबोर्डाखाली बोट दाखवून म्हणाला होता, "हा हिचा मेंदू. याला जपा."

याला जपा. हे दोन शब्द आप्पांनी किती मनावर घेतले, ते पुढं कळेलच.

आता मिस्त्रींना आणायला हवं. आमचे मिस्त्री माझ्याच वयाचे, धनगराच्या घरातले. बापाची मेंढरं भावांकडं ठेवून यांनी पाना हातात घेतला होता, पण डोळा मेंढपाळाचाच राहिला. गाडी आली की ते आधी तिच्याभोवती फिरायचे, मग कानाजवळ जाऊन श्वास ऐकायचे, मग धुराचा वास घ्यायचे, आणि मगच निदान सांगायचे. "हिला गार लागलंय." "ही मनातून खचलीय, मालकानं लई हाणलीय." अर्ध्या वेळा ते बरोबर असायचे. उरलेल्या अर्ध्या वेळा त्याहून जास्त ठामपणे चूक असायचे. त्यांना मिस्त्री म्हटलेलं आवडायचं, म्हणून मीही म्हणायचो, आणि ते मला बे म्हणायचे.

व्हॅन पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी पुढचं झाकण शोधलं. ते नव्हतंच. इंजिन सीटखाली निघालं. सीट उचलून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं आणि वर न बघता विचारलं, "हिचा कार्बोरेटर कुठं ठिवलाय बे?"

"न्हाई त्यो."

"न्हाई म्हंजी? काढून घेतला का त्या पुणेकरानं?"

"कंप्युटर हाय त्याच्याऐवजी."

मिस्त्री उठून उभे राहिले. हात फडक्याला पुसले. "मंग हिला काई झालं तर माझ्याकडं आणू नका," ते म्हणाले, "पंचांग काढनाऱ्याकडं न्या."

काही महिने व्हॅन गुणानं वागली. मग एका बाजाराच्या दिवशी, तेलगावच्या अलीकडं, दोन्हीकडं ऊस आणि मागून उसाचा ट्रॅक्टर, अशा नाजूक प्रसंगी तिला उचकी लागली. एक, दोन, आणि खलास. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि खाली उतरला. "काय झालं हो आप्पा? तेल संपलं का?" आप्पा स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते. ते माझ्याकडं वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "दादाला सांगू नको."

झालं. तासाभरानं व्हॅन कशीबशी चालू झाली, आणि त्या दिवसापासून मी आप्पांचा साथीदार झालो. संध्याकाळी दादानं उशिराचं कारण विचारलं, तर मी म्हणालो, पंक्चर. पुढच्या बाजारालाही तसंच झालं, तेव्हा म्हणालो, मेंढरं आडवी आली. तिसऱ्यांदा मी पुन्हा पंक्चर म्हणालो, तेव्हा दादा म्हणाला, "टायर बदलून घे, लई पंक्चर व्हायलंय." आम्हाला नवा टायर घ्यावा लागला. जुना मिस्त्रींच्या दारात पडला आणि त्यांच्या कुत्रीनं त्यात पिल्लं घातली.

गंमत अशी, की व्हॅन नेमकी बाजारालाच रुसायची. एरवी गावात, शेतावर, दळण आणायला, कुठंही न्या, हरणासारखी पळायची. मिस्त्रींनी तिला ऐकलं, हुंगलं, तिच्या पोटाखाली अर्धा दिवस झोपले. प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. शेवटी निदान दिलं, "हिला बाजाराची गर्दी सोसत न्हाई. बुजती."

आप्पांना हे पटलं नाही. "मिस्त्री, म्हैस बुजती. कंप्युटर कावून बुजंल?"

"ते त्यालाच इचारा. मेंढरू बी बोलत न्हाई, पर डोळ्यात बघितलं की कळतं. ह्या डब्याला डोळा कुठाय?"

आणि डोळा होता! तो आम्हाला सापडला मांजरसुंब्याच्या धाब्यावर. मी आणि मिस्त्री बीडहून दुसरी एक गाडी पोचवायला गेलो होतो. तिथं पुण्याकडचा एक ड्रायव्हर शेवभाजी खात होता आणि त्याची गाडी बाहेर उभी, आमच्याच व्हॅनची सख्खी बहीण. मिस्त्रींनी आपली व्यथा सांगितली. ड्रायव्हरनं भाकरी मोडता मोडता अख्खं शास्त्र सांगून टाकलं. डॅशबोर्डाखाली एक छोटा जोड असतो. त्यातल्या दोन पिना तारेच्या तुकड्यानं जोडायच्या, चावी फिरवायची, पण गाडी चालू करायची नाही. मग समोरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा मिचकायला लागतो. आधी दशकाचे मिचकावे, मग जरा थांबून एककाचे. ते मोजायचे. जो आकडा येईल तो रोग. "एक-दोन म्हणजे सगळं ठीक. एक-चार म्हणजे इंजिन किती तापलंय ते कंप्युटरला कळत नाही. दोन-एक आला तर पायाखालची गडबड, रेसची." आणखी तीन-चार आकडे त्यानं सांगितले. मिस्त्रींनी ते बोटांच्या पेरांवर बसवले आणि परत येताना वाटभर पुटपुटत राहिले. एसटीत शेजारचा माणूस त्यांना म्हणाला, "महाराज, जप कोणता?"

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात प्रयोग झाला. मिस्त्रींनी तार लावली, चावी फिरवली. पिवळा दिवा एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा लुकलुकला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. मिस्त्री इतके हरखले की त्यांनी डोकं बाहेर काढून जोरात ओरडून सांगितलं, "आप्पा! तुमची गाडी डोळा मारती!"

काकू म्हणजे आप्पांची बायको, ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली. "कोण मारती डोळा?"

"व्हॅन, काकू!"

"ह्या वयात?" काकू म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. "अन् ह्यांनाच बरी मारती."

एक-दोन. सगळं ठीक. म्हणजे गाडी म्हणत होती, मला काहीही झालेलं नाही. मिस्त्रींनी जिंकल्यासारखं जाहीर केलं, "बघा. निरोगी हाय." आणि त्याच आठवड्यात बाजाराच्या वाटेवर ती पुन्हा बंद पडली. तिथंच उसाच्या कडेला आम्ही तार लावली. आता एक-चार. बीडहून पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आणला, बसवला. पुढच्या बाजाराला दोन-एक! आणि दुसऱ्या दिवशी अंगणात बघावं तर पुन्हा शहाण्यासारखं एक-दोन.

मिस्त्री संतापले. "हे जनावर खोटं बोलतं. म्या असलं पाह्यलं न्हाई. मेंढी आजारी असली तर आजारीच ऱ्हाती, बाजाराच्या दिवशी लंगडायचं अन् घरी आल्यावर उड्या मारायच्या असं करत न्हाई."

आप्पा मात्र तिची बाजू घ्यायचे. रोज सकाळी बाहेर येऊन तिच्या दारावर हात ठेवायचे, जसा आजारी नातवाच्या कपाळावर ठेवतात. एकदा बाजारातून परतताना, सुदैवानं ती चालू असताना, ते मला म्हणाले, "दादा चांगला हाय. मला पंखा लावून देईल, चहा देईल. पर त्या काचंच्या दुकानात कोण येतं रं? जे येतं ते लेबल वाचतं. माझ्याशी कोण बोलतंय?" एवढंच. मग ते समोरून येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीवाल्याला हात करत राहिले.

गुपित फुटलं ते त्या ट्रॅक्टरवाल्यामुळं. तो दुकानात टॉवेल घ्यायला आला आणि सहज दादाला म्हणाला, "आता आप्पांची गाडी बंद पडली की आमी समजतो, आज बाजार हाय."

दादा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तिथं उसात, एकटे असते अन् काई झालं असतं तर?"  मग तो आप्पांकडं गेला, त्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आप्पा, तुमी कबूल म्हनलं व्हतं." आप्पांनी मान डोलावली. शब्द दिलेला होता, आणि कापडवाल्याचा शब्द म्हणजे मोजून फाडलेलं कापड, ते पुन्हा जोडता येत नाही.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. मंडपवाले एक गृहस्थ, त्यांना स्पीकर वाहायला व्हॅन हवी होती. ते येणार सोमवारी, सकाळी, दुकान उघडायच्या आत. दादानं मिस्त्रींना सांगून ठेवलं, की निदान त्यांच्यासमोर तरी चालू होईल असं करा.

सोमवारी मिस्त्री लवकर आले. दादा दुकानाच्या चाव्या घेऊन गेला होता. अंगणात मी, मिस्त्री, आणि ओसरीवर काकू. मिस्त्रींनी शेवटचा उपाय म्हणून तार लावली, चावी फिरवली. एक-दोन. एक-दोन. "आज सोमवार," मिस्त्री कडवटपणे म्हणाले, "आज बाईसाहेबांची तब्येत झकास. उद्या बाजार, उद्या बघा."

तेवढ्यात आप्पा आंघोळ करून, ओलेत्यानंच बाहेर आले. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, एका हातात तांब्या, दुसऱ्यात भस्माची वाटी. आमच्याकडं सोमवारची पूजा कधी चुकत नाही. देवाची झाली की आप्पा दुकानाच्या गजाला भस्म लावत, तिजोरीला लावत, जीप होती तेव्हा जीपच्या नाकाला लावत. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, म्हणून त्यात बघण्यासारखं मला कधी काही वाटलं नव्हतं. व्हॅनला ते कुठं लावतात, हे तर मी कधी पाहिलंच नव्हतं.

"सरका मिस्त्री," आप्पा म्हणाले. "आज शेवटचा सोमवार हाय तिचा. नीट करू द्या."

ते दारातून आत वाकले. भस्म पाण्यात कालवलं, आणि डॅशबोर्डाखाली हात घालून त्या मेंदूच्या डब्यावर तीन बोटं ओढली. मग हात जोडले. मग तांब्या उचलला आणि पुटपुटत, प्रेमानं, अगदी सावकाश, त्याच्या माथ्यावर धार धरली. शेवटचा सोमवार म्हणून धार जरा मोठीच होती.

समोरचा पिवळा दिवा एक-दोन म्हणता म्हणता अडखळला. मग त्यानं मारला एक, थांबला, आणि मारले चार. मग दोन-एक. मग आमच्या पेरांवर नसलेलाच एक आकडा. मग नुसता मिचमिचत राहिला, डोळ्यात कचरा गेल्यासारखा.

मिस्त्री त्या दिव्याकडं बघत होते. मग त्यांनी तांब्याकडं पाहिलं. मग पुन्हा दिव्याकडं. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो लांडगा दिसल्यावर निघतो तसा होता.

"आप्पाऽऽ! हे तुमी किती दिसापासनं करायलात?"

"काय?"

"हे! पाणी!"

"दर सोमवारी," आप्पा म्हणाले. "त्यानंच सांगितलं व्हतं, ह्याला जपा."

दर सोमवारी पाणी. ते तारांवरून ओघळत ओघळत, तारा डब्याला जिथं जुळतात त्या रुंद जोडाच्या आत रात्रीत पोचायचं. मंगळवारी आमचा बाजार. बुधवारी उन्हात उभी राहून गाडी वाळायची आणि डोळा मारून सांगायची, सगळं ठीक. बिचारी कधीच खोटं बोलली नव्हती.

मिस्त्रींनी तो रुंद जोड उपसला, त्यावरचं रबराचं टोपण काढून माझ्या हातात दिलं, आणि आत बॅटरी मारली. पिनांवर हिरवा थर, त्यावर भस्माची पांढरी साय. काकू शेंगांचं सूप बाजूला ठेवून आल्या, मिस्त्रींच्या खांद्यावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "ह्या तर कळकल्यात! बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठिवल्यावाणी."

"तेच म्हनतो मी," मिस्त्री म्हणाले. ते असं काही म्हणत नव्हते.

"चिंच आणू का?"

"नगं काकू! चिंच नगं! पेट्रोल द्या, अन् एक दाताचा ब्रश द्या."

काकूंनी ब्रश दिला. तो दादाचा होता हे सांगितलं नाही.

मिस्त्री घासत होते तेवढा वेळ आप्पा ओसरीच्या पायरीवर बसून होते. तांब्या अजून हातातच. चेहरा उतरलेला. मी शेजारी बसलो तर म्हणाले, "लेकराला गोड आवडतं म्हनून रोज गूळ द्यावा, अन् आपनच त्याचे दात किडवावे, तसं झालं बघ." मग थोड्या वेळानं, "देवाला बी चालत नसंल का रं असं? का त्याला सवय हाय?"

पिना सोन्यासारख्या निघाल्या. मिस्त्रींनी जोड फुंकून, पुसून, वाळवून बसवला. तार लावली. एक-दोन. चावी फिरवली, आणि व्हॅन अशी लागली, की पुण्याहून आली त्या दिवशीही तशी लागली नव्हती. आवाज म्हणजे लोणी कढवताना येतो तसा, बारीक, एकसारखा. आप्पा उठले. त्यांचे गुडघे दुखत होते हे त्या क्षणी तेही विसरले आणि मीही. "चला!" ते म्हणाले. "चला, दादाला सांगू!"

आणि नेमका दादा फाटकातून आत आला. मागं मंडपवाले.

मंडपवाले अनुभवी गृहस्थ. ते गाडीत बसले, गल्लीला एक फेरी मारून आले, उतरले, दार सरकवून पाहिलं, पुन्हा सरकवून पाहिलं. "गाडी म्हंजी नवरी हाय," ते म्हणाले. "बंद पडती असं ऐकलं व्हतं म्या. लोक काई बी बोलतात. घेतली."

दादाचा चेहरा उजळला. त्यानं आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी मिस्त्रींकडं. मिस्त्रींनी आभाळाकडं. सांगायचं कुणी, आणि सांगून उपयोग काय? गाडी नादुरुस्त म्हणून विकायची होती, ती आता दुरुस्त म्हणून विकली जात होती. शब्द तर दिलेलाच होता. दादानं कबूल करून घेतलं होतं, आणि त्यानं मंडपवाल्यांना कबूल केलं होतं.

"आप्पा, किल्ल्या देऊन टाका," दादा हळूच म्हणाला.

एक किल्ली गाडीतच लागलेली होती; आप्पांनी कनवटीची दुसरी काढली. तळहातावर ठेवली. मग अत्यंत थकलेल्या, भाविक आवाजात म्हणाले, "देतो. पर दादा, इतके दिस संग चालली माझ्या. एकदा शेवटची पूजा करू दे. तेवढं तरी नको म्हनू नको."

दादाचे डोळे भरून आले. "करा की आप्पा! असं कावून इचारता?" मंडपवाल्यांनी तर चपला काढून हात जोडले. म्हणाले, "लई बरं. पूजेची गाडी घरी येनार म्हंजी आमचं नशीब."

आप्पांनी तांब्याकडं पाहिलं. तो मघाशीच रिकामा झाला होता. ते काकूंना काही बोलले नाहीत. पण त्या घरात गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांब्या नव्हता. काठोकाठ भरलेली कळशी होती. "पूजा हाय तर नीट करा," त्या म्हणाल्या. पन्नास वर्षांच्या संसारात असा नवरा-बायकोचा एकविचार मी त्याआधी पाहिला नाही, त्यानंतरही नाही.

गाडी चालूच होती. मिस्त्रींनी दार उघडून धरलं, दुसरीकडं तोंड करून. जोडाचं रबराचं टोपण अजून माझ्या खिशात होतं, आणि त्याला खिशाबाहेर यायची गरज नाही असं मी ठरवलं. आप्पा वाकले. तीन बोटं ओढली. डोळे मिटले. मग अभिषेक सुरू झाला, आणि बराच चालला. मंडपवाले भक्तिभावानं मान डोलवत होते. दादा पदरासारखा रुमाल डोक्यावर घेऊन उभा होता.

व्हॅनला उचकी लागली. एक. दोन. मग ती सगळी थरथरली, आणि अंगणात एकदम शांत झालं. इतकं की शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकू आल्या.

"काय झालं?" मंडपवाले म्हणाले.

मिस्त्रींनी चावी फिरवली. कुर्रर्र. पुन्हा फिरवली. कुर्रर्र. मग ते खाली उतरले, गाडीला एक फेरी मारली, तिच्या श्वासाला कान दिला, आणि प्रौढ वैद्याच्या गांभीर्यानं म्हणाले, "बुजली. नव्या मालकाला बुजली."

मंडपवाल्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी आप्पांकडं पाहिलं, ओल्या कळशीकडं पाहिलं, मग दादाकडं. "न्हाई बा," ते म्हणाले. "गाडीच्या मनात न्हाई, तर आपुन कशाला ओढून न्यायची? माझे स्पीकर, लोकाचं लगीन. रस्त्यात रुसली तर वरात उन्हात उभी ऱ्हाईल." ते चपला शोधायला लागले. दादा त्यांच्यामागं माफी मागत, चहा तरी घ्या म्हणत. एक चप्पल पायात, दुसरी अजून सापडत नाही, अशा अवस्थेत मंडपवाले फाटकाजवळ पोचले होते, म्हणजे चार पावलांवर. पण आप्पांना तेवढाही दम निघाला नाही. त्यांनी कळशी माझ्या हातात कोंबली, धोतराचा सोगा वर खोचला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"मिस्त्री, पुसा की पटकन! उद्या तेलगावचा बाजार हाय!"